विचारणारा कुठे बसतो?

फादर स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यात रायतूरला छापलं गेलं. भाषा मराठी, लिपी रोमी, रचना ओवीची. आपण त्यातल्या मराठीच्या स्तुतीपाशीच थांबतो. पण हा ग्रंथ मुळात नवख्रिस्ती लोकांच्या धर्मशिक्षणासाठी रचलेला. सुरुवात बघा ना: श्रोता पाद्रीला विचारतो, जुनी पुराणं सुटली, आता आम्ही वाचायचं काय? म्हणजे आधी गरज, मग पाठ. उणीव ही, की उत्तर मात्र नेहमी पाद्रीचंच.

आज आपण संडे स्कूलचा आराखडा करतो, त्यात वयोगट असतात, पुस्तकं असतात, तारखा असतात. विचारणाराच बऱ्याचदा नसतो. तेव्हा आधी मुलांचे प्रश्न लिहून घ्या, आणि उत्तरं शोधायलाही त्यांना सोबत बसवा.