सामान्यज्ञानाचा प्रश्न : रचना आणि मूल्य

१

सामान्यज्ञानाची प्रश्नमंजूषा हा समीक्षेचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका प्रारंभीच घेतली जाण्याचा संभव आहे. कथा, काव्य, नाटक यांच्या पंक्तीत तिला बसवावे असा प्रस्तुत लेखकाचा आग्रह नाही. तथापि जी रचना स्पर्धापरीक्षेस बसणारा तरुण कोणत्याही कादंबरीपेक्षा अधिक बारकाईने वाचतो, पाठ करतो आणि जिच्यावर आपल्या उपजीविकेची भिस्त ठेवतो, तिच्या घडणीचा विचार भाषासाहित्याच्या अभ्यासकांनी करू नये, हे चमत्कारिक होय.

पिंपरी-चिंचवड व चाकण या औद्योगिक पट्ट्यात ही रचना दोन वाटांनी आपल्या भेटीस येते. पहिली वाट नोकरभरतीची. पोलीस शिपाई पदाच्या लेखी परीक्षेत अंकगणित, बौद्धिक चाचणी व मराठी व्याकरण यांच्या जोडीला सामान्यज्ञान व चालू घडामोडी हा विषय असतो. आणि २०१८ साली पिंपरी-चिंचवडला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय झाल्यापासून ही भरती या गावांच्या उंबरठ्याशी आली आहे. दुसरी वाट कारखान्याची. ४ मार्च हा राष्ट्रीय सुरक्षा दिन. त्या सप्ताहात कारखान्यांतून घोषवाक्यांच्या, भित्तिचित्रांच्या आणि प्रश्नमंजूषेच्या स्पर्धा होतात. एके ठिकाणी उत्तर चुकल्यास नोकरी हुकते. दुसऱ्या ठिकाणी, उत्तर केवळ पाठ असल्यास, प्रसंगी बोट जाते. म्हणून येथे विचार करावयाचा तो उत्तरांचा नव्हे, प्रश्नांचा. प्रश्न कसा रचलेला आहे आणि तो वाचणाऱ्याच्या बुद्धीकडून काय मागतो, याचा.

२

प्रश्नरूप रचनेचा विचार आपल्या परंपरेला नवा नाही. दंडीने ‘काव्यादर्शा’च्या तिसऱ्या परिच्छेदात प्रहेलिकांचे सोळा प्रकार सांगितले आहेत. पुढे रूढ झालेल्या परिभाषेत अंतर्लापिका आणि बहिर्लापिका असे दोन वर्गही आढळतात. ज्या श्लोकातील प्रश्नाचे उत्तर त्याच श्लोकाच्या अक्षरांत दडलेले असते ती अंतर्लापिका. ज्याचे उत्तर बाहेरून आणावे लागते ती बहिर्लापिका. परंतु बहिर्लापिकेतही उत्तराच्या खुणा आतच ठेवलेल्या असतात. नारळावरच्या आपल्या घरोघरच्या कोड्यांत नारळाचे नाव नसते. पण कवच, पाणी, शेंडी यांची सूचना असते. ऐकणारा त्या खुणांवरून चालत उत्तरापाशी पोहोचतो, आणि पोहोचल्यावर आपण बरोबर आलो याची खात्री त्याला स्वतःलाच पटते.

सामान्यज्ञानाचा रूढ प्रश्न या दोहोंत बसत नाही. ‘चाकणच्या किल्ल्याचे नाव काय?’ या प्रश्नाचे उत्तर ‘संग्रामदुर्ग’ असे आहे; पण प्रश्नात त्या उत्तराची एकही खूण नाही. ते ज्यास ठाऊक आहे त्यास ठाऊक आहे. ज्यास नाही त्याने कितीही विचार केला तरी त्यास ते सापडणार नाही. अशा प्रश्नास आपण चिन्हहीन प्रश्न म्हणू, आणि ज्यात विचाराला वाट ठेवलेली आहे त्यास चिन्हयुक्त प्रश्न म्हणू. हा भेद सोपेपणाचा व अवघडपणाचा नव्हे. चिन्हहीन प्रश्न अतिशय सोपा असू शकतो आणि चिन्हयुक्त प्रश्न अत्यंत बिकट. भेद आहे तो एवढाच, की पहिला केवळ स्मृतीला हाक मारतो आणि दुसरा स्मृतीसह बुद्धीला.

‘सामान्यज्ञान’ या शब्दाकडेही येथे लक्ष द्यावयास हवे. न्यायवैशेषिकांच्या परिभाषेत ‘सामान्य’ म्हणजे अनेक व्यक्तींत अनुगत असणारे. त्याच्या उलट ‘विशेष’. या दृष्टीने पाहता सामान्यज्ञानाच्या पुस्तकात सामान्य असे फारच थोडे असते. असतात ते सारे सुटे विशेष : नावे, सनावळ्या, लांबी, उंची, पहिला आणि सर्वात मोठा. विशेष हे ज्ञानाचे द्रव्य आहे यात शंका नाही. पण त्यांना जोडणारे सूत्र नसेल तर मण्यांचा ढीग होतो, माळ होत नाही. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’त अकारविल्हे नोंदींच्या आधी पाच प्रस्तावनाखंड घातले, त्याचे मर्म हेच असावे. वर्णक्रमाने तुटणारे ज्ञान आधी एकदा सलग पाहून घ्यावे, ही ती दृष्टी होती.

३

पिंपरीचेच उदाहरण घेऊ. ‘पेनिसिलिनचा शोध कोणी लावला?’ हा प्रश्न विज्ञान या सदरात असतो. उत्तर : अलेक्झांडर फ्लेमिंग. ‘देशातील पहिला सरकारी प्रतिजैविकांचा कारखाना कोठे आहे?’ हा प्रश्न महाराष्ट्र या सदरात असतो. उत्तर : पिंपरी. दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. दोहोंची मात्र कधीच गाठ पडत नाही. आणि जे खरोखर जाणण्याजोगे आहे ते या दोन सदरांच्या मधल्या मोकळ्या जागेत राहून जाते.

फ्लेमिंगने १९२८ साली लंडनमध्ये बुरशीचा जंतुनाशक गुण पाहिला. पण त्यातून औषध हाती आले नव्हते. ते ऑक्सफर्ड येथे फ्लोरी, चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४०च्या सुमारास आणले. १९४१ साली त्यांनी ते एका पोलीस शिपायास टोचले. त्यास उतार पडू लागला. परंतु साठा इतका तुटपुंजा होता की त्याच्या मूत्रातून पेनिसिलिन परत काढून तेच पुन्हा द्यावे लागले. अखेर तेही संपले आणि तो शिपाई दगावला. शोध लागला होता, औषध सिद्ध झाले होते, उणीव होती ती उत्पादनाची. पुढे अमेरिकेत मोठमोठ्या टाक्यांतून बुरशी वाढविण्याची पद्धत बसविण्यात आली तेव्हा हे औषध माणसांना पुरू लागले. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स या सरकारी कंपनीची स्थापना झाली व जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने तेथे उत्पादन सुरू झाले, त्याचा अर्थ या संदर्भात उमगतो. ‘शोध’ आणि ‘कारखाना’ ही दोन वेगळी सदरे नव्हेत. दुसऱ्यावाचून पहिला अपुरा आहे. औद्योगिक वसाहतीत वाढलेल्या विद्यार्थ्याला आपल्या गावाविषयी याहून मोलाचे दुसरे काय शिकता येईल? आणि नेमके तेवढेच प्रश्नमंजूषेने गाळलेले असते.

चिंचवडच्या चापेकर बंधूंसंबंधीच्या प्रश्नाचेही असेच होते. ‘रँडचा वध कोणी केला?’ या प्रश्नाला एकच नाव हवे असते : दामोदर चापेकर. २२ जून १८९७च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर दामोदरांनी रँडवर आणि बाळकृष्णांनी आयर्स्टवर गोळी झाडली. वासुदेवही पुढे फासावर गेले. त्यामागे पुण्यातील प्लेगची साथ होती, घरोघरच्या झडत्यांनी उसळलेला संताप होता. आणि ती रात्र राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाची होती. एका नावाच्या चौकटीत यातले काहीच मावत नाही. कर्ता उरतो, कारण नाहीसे होते.

४

चिन्हहीन प्रश्नाचा दुसरा दोष असा की त्याचे उत्तर कालातीत असल्याचा भास तो निर्माण करतो. ‘महाराष्ट्रात जिल्हे किती?’ याचे उत्तर १ मे १९६० रोजी २६ होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाल्यावर ते ३६ झाले. ‘कारखान्यांतील कामगारांच्या सुरक्षिततेचा मुख्य कायदा कोणता?’ या प्रश्नाला पिढ्यान्‌पिढ्या ‘कारखाने अधिनियम, १९४८’ हे उत्तर होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता अमलात आल्या आणि ते उत्तर इतिहासजमा झाले. उत्तर बदलले, यात प्रश्नकर्त्याचा अपराध नाही. परंतु उत्तर का बदलले हे विचारण्याची सोय त्याच्या रचनेत नाही, हा रचनेचा दोष होय.

पिंपरी-चिंचवडपुरते बोलावयाचे तर ‘आशियातील सर्वात श्रीमंत महानगरपालिका’ हे बिरुद या दृष्टीने उद्‌बोधक आहे. १९७० साली नगरपालिका व १९८२ साली महानगरपालिका झालेल्या या शहराच्या संबंधात ते वर्षानुवर्षे अभिमानाने सांगितले गेले. मुंबईसारख्या कितीतरी मोठ्या अंदाजपत्रकाच्या महानगरपालिकेशेजारी उभे राहून हे म्हणावयाचे, तर श्रीमंती कशाने मोजली, एकूण उत्पन्नाने की दरडोई उत्पन्नाने, हे आधी ठरवावयास हवे. या श्रीमंतीचा मोठा आधार होता तो कारखान्यांच्या मालावरील जकातीचा. येथील जकात १ एप्रिल २०१३ पासून बंद झाली. तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला आणि २०१७ साली वस्तू व सेवा कर. आधार गेला तरी बिरुद लोकांच्या तोंडी राहिले. ‘जकात गेल्यावर या शहराच्या तिजोरीचे काय झाले?’ असा प्रश्न कोणी विचारला असता तर त्याच माहितीचे ज्ञान झाले असते.

५

एवढे म्हटल्यावर प्रतिपक्षाची बाजूही न्यायबुद्धीने मांडली पाहिजे. आणि ती दुर्बळ नाही. एकाच अचूक उत्तराच्या प्रश्नापुढे उमेदवाराचे घराणे, उच्चार, हस्ताक्षर, परीक्षकाची मर्जी यांपैकी कशाचीही मातब्बरी चालत नाही. राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक करण्याचे ठरले तेव्हा, तो बदल २०२५ पासून लागू करावा या मागणीसाठी २०२३ साली पुण्यात विद्यार्थी रस्त्यावर उतरले. त्यांच्या आग्रहाला केवळ घोकंपट्टीची आवड म्हणून हिणविणे अन्यायाचे होईल. वर्षानुवर्षे ज्या मापाने स्वतःला घडविले ते माप अकस्मात बदलू नये, ही मागणी कोणाही कारागिराला समजण्यासारखी आहे.

मापाचाच दृष्टांत पुढे नेता येईल. भोसरी-चाकणच्या वर्कशॉपांत छिद्राचे माप तपासण्यासाठी ‘गो, नो-गो’ गेज वापरतात. त्याचे एक टोक छिद्रात जावयास हवे, दुसरे जाता कामा नये. हजारो नग झपाट्याने व निःपक्षपातीपणे तपासण्यास याहून चांगले साधन नाही. पण छिद्राचे प्रत्यक्ष माप किती, यंत्राची धार कोणीकडे झिजत चालली आहे, हे ते गेज सांगत नाही. आणि त्या गेजने नग घडविता तर मुळीच येत नाही. चार पर्यायांचा प्रश्न हे असे गेज आहे. निवडीच्या जागी ते योग्य आहे. शिक्षणाच्या जागी तेच आले, म्हणजे अध्यापक गेज हाती घेऊन नग घडवू लागतो.

महाभारतातील यक्षाची प्रश्नावली या दृष्टीने पुन्हा वाचावी. यक्षाचे पुष्कळ प्रश्न आजच्या प्रश्नमंजूषेसारखेच तुटक आहेत आणि युधिष्ठिर त्यांची उत्तरेही तशीच झटपट देतो. पण कसोटी तेथे संपत नाही. चार भावांपैकी एकालाच जिवंत करतो, कोणाला करू, असे यक्ष विचारतो. आणि कुंतीचा पुत्र मी आहेच, तर माद्रीचाही एक असावा, या न्यायाने युधिष्ठिर नकुलाची निवड करतो. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर कोठेही पाठ करावयास मिळाले नसते. आधीची उत्तरे त्याला तेथवर आणतात. निवाडा मात्र त्याचा स्वतःचा असतो.

६

तेव्हा प्रश्नमंजूषा टाकून द्यावी हा निष्कर्ष नव्हे. चिन्हयुक्त प्रश्न तिच्या चौकटीतही रचता येतो. पुढील प्रश्न पाहावा : ‘एका सूक्ष्मजीवाच्या शास्त्रीय नावात पुणे जिल्ह्यातील एका औद्योगिक गावाचे नाव आहे. त्यापासून तेथील सरकारी कारखान्याने मिळविलेल्या बुरशीरोधक औषधाच्या नावारंभी त्या कारखान्याच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरे आहेत. ते औषध कोणते?’ गाव पिंपरी, सूक्ष्मजीव स्ट्रेप्टोमायसेस पिंप्रिना, कारखाना हिंदुस्थान अँटिबायोटिक्स, आणि औषध हॅमायसिन. उत्तर एकच आणि निःसंदिग्ध आहे, म्हणजे गेजचा गुण कायम राहिला; पण उत्तराची अक्षरे प्रश्नातच पेरलेली असल्याने ही जवळजवळ अंतर्लापिकाच झाली. ज्याने हे औषध कधी ऐकले नाही, तोही अर्ध्या वाटेपर्यंत येतो.

सुरक्षा सप्ताहाच्या प्रश्नांना हाच निकष लावावा. ‘राष्ट्रीय सुरक्षा दिन कोणता?’ या प्रश्नाने कोणाचे बोट वाचणार नाही. ‘पॉवर प्रेस चालविण्यासाठी एकाच वेळी दाबावयाची दोन बटणे दोन हातांना का दिलेली असतात?’ हा प्रश्न मात्र कामगाराच्या डोळ्यांपुढील यंत्राकडे बोट दाखवितो. दोन्ही हात बटणांवर असले म्हणजे एकही हात साच्याखाली असू शकत नाही, हे त्याला स्वतःच्या विचाराने कळते. ज्याला हे कळले तो उत्पादन वाढविण्यासाठी एक बटण बांधून ठेवताना थबकेल. येथे विशेषातून सामान्य हाती लागते : यंत्रावरचे कवच कशासाठी असते याचे तत्त्व. ते मग दुसऱ्या कोणत्याही यंत्रावर उपयोगी पडते.

प्रश्नाची पारख करताना तीन गोष्टी पाहाव्यात, असे सुचवावेसे वाटते : त्यात उत्तराकडे जाणारी खूण आहे काय, उत्तर कोणत्या काळापुरते खरे आहे याची मर्यादा त्यात आहे काय, आणि एका सदरातील माहिती दुसऱ्या सदरातील माहितीशी तो जोडतो काय. भरती परीक्षांच्या प्रश्नपत्रिका आणि कारखान्यांतील स्पर्धांचे प्रश्नसंच या दृष्टीने जमवून पाहणे, हे पदव्युत्तर विद्यार्थ्यांना सहज हाती घेता येण्याजोगे काम आहे. अशा कामातून आजच्या मराठी गद्याच्या एका दुर्लक्षित पण अतोनात वाचल्या जाणाऱ्या प्रकाराची ओळख होईल. आणि उद्या जे स्वतः प्रश्नपत्रिका काढणार आहेत, त्यांच्या हातून निदान काही प्रश्न अधिक जबाबदारीने लिहिले जातील.