महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे ‘यश’ आणि त्याचे मोजमाप : सातारा-सांगलीच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रास्ताविक

महाविद्यालयाचा वार्षिक अहवाल असो, पारितोषिक वितरण समारंभातील प्राचार्यांचे अहवालवाचन असो किंवा नॅकसाठी तयार केलेला स्वयंमूल्यमापन अहवाल असो, त्यात तृतीय वर्षाच्या निकालाची टक्केवारी हमखास आढळते. हा आकडा खोटा नसतो. विद्यापीठाच्या निकालपत्रकावरून तो काढलेला असतो आणि कोणालाही पडताळून पाहता येतो. तथापि निकालाची टक्केवारी म्हणजेच विद्यार्थ्यांचे यश, असे जेव्हा गृहीत धरले जाते तेव्हा त्या आकड्याची चिकित्सा आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखात सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांच्या संदर्भात ती करण्याचा प्रयत्न केला आहे.

हे दोन जिल्हे एकत्र घेण्यास कारण आहे. १९४९ मध्ये ‘दक्षिण सातारा’ या नावाने वेगळा झालेला जिल्हाच १९६० मध्ये सांगली या नावाने ओळखला जाऊ लागला. शिक्षणाच्या इतिहासातही १९१९ हे वर्ष दोहोंना समान आहे. त्या वर्षी डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे विलिंग्डन महाविद्यालय सांगलीत सुरू झाले आणि त्याच वर्षी कराड तालुक्यातील काले या गावी कर्मवीर भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. एका संस्थेने या भागात महाविद्यालय आणले. दुसरीने ज्याच्यापर्यंत शिक्षण पोहोचत नव्हते त्या मुलाला शिक्षणापर्यंत आणले. यशाच्या मोजमापाचा आजचा प्रश्न या दुसऱ्या कार्याशी अधिक निगडित आहे.

निकालाचे गणित

नॅकने २०१७ मध्ये अमलात आणलेल्या सुधारित आराखड्यात संलग्न महाविद्यालयांसाठी एकूण १००० गुणांपैकी ३५० गुण ‘अध्यापन, अध्ययन व मूल्यमापन’ या दुसऱ्या निकषास देण्यात आले. उत्तीर्णतेचे प्रमाण याच निकषात येते. त्याचे सूत्र साधे आहे : अंतिम वर्षाच्या परीक्षेत उत्तीर्ण झालेले विद्यार्थी भागिले त्या परीक्षेस बसलेले विद्यार्थी. खरा प्रश्न या सूत्राच्या छेदात दडलेला आहे. समजा, एखाद्या महाविद्यालयात कला शाखेच्या प्रथम वर्षास १२० विद्यार्थ्यांनी प्रवेश घेतला. तृतीय वर्षापर्यंत त्यांतील ७० उरले, परीक्षेस ६० बसले आणि ५४ उत्तीर्ण झाले. अहवालात निकाल ९० टक्के लागला, असे लिहिले जाईल व ते नियमानुसार बरोबरच असेल. परंतु १२० जणांपैकी पदवी मिळाली ती ४५ टक्क्यांना. उरलेल्या ६६ जणांपैकी केवळ सहाच जणांची नोंद ‘अनुत्तीर्ण’ म्हणून होते. बाकीचे साठ जण कोणत्याच रकान्यात दिसत नाहीत.

या सूत्राचा आणखी एक परिणाम संभवतो. विद्यार्थी जितके लवकर गळतील तितका अंतिम वर्षाचा निकाल चांगला दिसू लागतो, कारण अभ्यासात मागे पडलेले, एटीकेटीच्या फेऱ्यात अडकलेले विद्यार्थी छेदात येतच नाहीत. महाविद्यालय असे हेतुपुरस्सर करते, असा याचा अर्थ नव्हे. मात्र जो विद्यार्थी सांभाळून ठेवण्यासाठी सर्वाधिक श्रम पडतात, त्याला सांभाळल्याचे श्रेय या आकड्यात मिळत नाही. उलट निकाल खाली येण्याचा धोका तेवढा पदरी पडतो.

याहून विचार करण्याजोगी बाब अशी की, अपेक्षित असलेली माहिती महाविद्यालयांकडे नाही असे म्हणता येत नाही. २०१५ मध्ये घोषित झालेल्या आणि २०१६ पासून क्रमवारी प्रसिद्ध करणाऱ्या एनआयआरएफच्या तक्त्यात प्रथम वर्षास प्रवेश घेतलेल्यांची संख्या आणि विहित किमान मुदतीत पदवी मिळवणाऱ्यांची संख्या एकाच ओळीत भरावी लागते. पुढे नोकरी लागलेले, उच्च शिक्षणास गेलेले आणि वार्षिक वेतनाचा मध्यक असे रकाने आहेत. सहभागी महाविद्यालये हा तक्ता आपल्या संकेतस्थळावरही ठेवतात. तेव्हा दोन रकान्यांची वजाबाकी कोणालाही करता येते. ती करून आलेला आकडा विभागाच्या बैठकीत चर्चेला ठेवण्याची प्रथा मात्र रुळलेली नाही.

नोंद न झालेले विद्यार्थी

जो विद्यार्थी दाखला मागण्यासाठी कार्यालयात येतो, त्याचे जाणे निदान कळते. जो येत नाही, तो परीक्षेचा फॉर्म भरण्याची मुदत संपेपर्यंत पटावर राहतो आणि मग नाहीसा होतो. तो का गेला, याचे उत्तर ‘आर्थिक अडचण’ किंवा ‘अभ्यासात रस नाही’ असे ठोकळेबाज देऊन भागत नाही. या दोन जिल्ह्यांत तर मुळीच नाही.

कृष्णाकाठचे वाळवा, पलूस, कराड हे ऊसपट्ट्यातील तालुके आणि जत, आटपाडी, माण हे अवर्षणप्रवण तालुके यांत महाविद्यालय सोडण्याची कारणे एकसारखी असू शकत नाहीत. साखर कारखान्यांचा हंगाम आणि पहिल्या सत्राची परीक्षा एकमेकांच्या आगेमागे येतात, तेव्हा शेतात वा तोडणीवर राबणाऱ्या घरातील मुलाची उपस्थिती कोलमडते. खानापूर, आटपाडी, तासगाव आणि माण-खटाव भागातून सोने-चांदी गलाईच्या व्यवसायासाठी देशभर जाण्याची परंपरा आहे. नातेवाइकाच्या दुकानावरून बोलावणे आले की मुलगा वर्ष अर्धवट टाकून परराज्यात जातो. साताऱ्यातील आपशिंगे हे गाव ‘मिलिटरी’ या नावानेच ओळखले जाते. सैन्यभरतीचे वय साडेसतरा वर्षांपासून सुरू होते, म्हणजे ते पदवीच्या वर्षांवरच येते. भरती झालेला मुलगा महाविद्यालयाच्या हिशेबी ‘गळती’ आणि गावाच्या हिशेबी सत्काराचा मानकरी असतो. मुलींच्या बाबतीत द्वितीय वर्षानंतर ठरणारे लग्न आणि शेवटची एसटी चुकण्याची भीती ही कारणे शिक्षकांच्या खोलीत सर्वांना ठाऊक असतात. कागदावर ती येत नाहीत.

गलाईवाल्या मुलाला आणि सैन्यात गेलेल्या मुलाला अपयशी ठरवणे अन्यायाचे होईल. पण लग्नामुळे किंवा एसटीच्या वेळेमुळे थांबलेल्या मुलीलाही त्यांच्याच ओळीत बसवून ‘स्वेच्छेने शिक्षण सोडले’ असे म्हणणे हा त्याहून मोठा अन्याय आहे. मोजमापाने या दोघांत फरक करता आला पाहिजे. आज तो होत नाही.

अन्यत्र झालेले प्रयत्न

अमेरिकेतील सामुदायिक महाविद्यालये या प्रश्नाला आधी सामोरी गेली. १९९० च्या एका कायद्याने तेथे पदवीपूर्तीचे प्रमाण जाहीर करणे बंधनकारक झाले. प्रथमच व पूर्णवेळ प्रवेश घेतलेला गट धरून विहित मुदतीच्या दीडपट काळात किती जणांनी शिक्षण पूर्ण केले, हे त्यात पाहिले जाते. म्हणजे छेद प्रवेशाच्या वेळी ठरतो. या पद्धतीवरही आक्षेप आले. अर्धवेळ शिकणारे आणि मध्येच अन्य महाविद्यालयात गेलेले विद्यार्थी तीत नीट मोजले जात नव्हते. पण निदान किती विद्यार्थी वाटेत राहतात, हे लपून राहिले नाही.

त्यातून पुढे आलेल्या उपक्रमांपैकी न्यूयॉर्कच्या सिटी युनिव्हर्सिटीचा २००७ मध्ये सुरू झालेला उपक्रम येथे उद्बोधक ठरतो. त्यात विद्यार्थ्याला प्रवासाचा पास, पाठ्यपुस्तकांसाठी साहाय्य, शुल्कातील तूट भरून देणे आणि मोजक्याच विद्यार्थ्यांची जबाबदारी असलेला समुपदेशक अशी एकत्रित मदत मिळते. चिठ्ठ्या टाकून निवडावेत तसे दोन गट करून केलेल्या अभ्यासात तीन वर्षांत पदवी पूर्ण करणाऱ्यांचे प्रमाण उपक्रमातील गटात ४० टक्के, तर इतर गटात २२ टक्के आढळले. अध्यापनाच्या तंत्राइतकेच प्रवासाच्या पासाला येथे स्थान आहे, हे लक्षात घेतले पाहिजे.

भारतातही विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ मध्ये सामुदायिक महाविद्यालयांची योजना आणली. तिचा भर कौशल्य अभ्यासक्रमांवर होता. विद्यार्थी टिकवून ठेवण्याचा प्रश्न तीत गौणच राहिला.

शाहू बोर्डिंगचा वारसा

न्यूयॉर्कचे उदाहरण सातारकरांना अनोळखी वाटण्याचे कारण नाही. १९२४ मध्ये साताऱ्यात स्थापन झालेल्या आणि १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते छत्रपती शाहू महाराजांचे नाव मिळालेल्या बोर्डिंगमागील विचार हाच होता, की मुलाच्या राहण्याजेवण्याचा प्रश्न सोडवल्याखेरीज त्याच्या शिक्षणाचा प्रश्न सुटत नाही. सर्व जातींची मुले तेथे एकत्र राहिली. प्रसंगी लक्ष्मीबाईंचे दागिने मोडून त्यांच्या अन्नाची सोय करण्यात आली. १९४७ मध्ये सुरू झालेल्या छत्रपती शिवाजी महाविद्यालयात ‘कमवा आणि शिका’ योजनेने हाच विचार पदवी शिक्षणापर्यंत नेला. या योजनेचे कौतुक करताना श्रमप्रतिष्ठेचा उल्लेख होतो व तो योग्यच आहे. परंतु तिच्याकडे विद्यार्थ्याला वाटेत गळू न देण्याची यंत्रणा म्हणूनही पाहिले पाहिजे. आज बहुतेक महाविद्यालयांत ‘कमवा आणि शिका’ आहे, पण अहवालात तिच्यापुढे लाभार्थींची संख्या आणि वाटलेले मानधन येते. त्या लाभार्थींपैकी किती जण तृतीय वर्षापर्यंत पोहोचले, हा तिच्या मूळ हेतूशी थेट जोडलेला प्रश्न अनुत्तरित राहतो.

पालक-शिक्षक योजनेची अवस्थाही वेगळी नाही. एका शिक्षकाकडे विद्यार्थ्यांचा एक गट सोपवायचा, ही कल्पना उत्तम आहे. प्रत्यक्षात तिची फाईल पीअर टीमच्या भेटीपूर्वी पूर्ण केली जाते. वास्तविक सलग काही दिवस वर्गात न दिसलेल्या विद्यार्थ्याच्या घरी दूरध्वनी करून त्याच्या न येण्याचे कारण त्याच आठवड्यात लिहून ठेवणे, एवढे एकच काम या योजनेने केले तरी गळतीचा तालुकानिहाय नकाशा दोन-तीन वर्षांत तयार होईल. त्यावरून कोणत्या मार्गावर एसटीची वेळ बदलून घ्यायची, कोणाचा वसतिगृह निर्वाह भत्त्याचा अर्ज भरून घ्यायचा आणि कोणत्या गावात पालकांची भेट घ्यायची, हे ठरवता येईल. तासिका तत्त्वावरील शिक्षकांवर वर्ग चालवणाऱ्या महाविद्यालयांना हे काम सांगणे सोपे नाही, ही अडचणही मान्य केली पाहिजे.

प्रवेशाच्या वेळचा छेद धरण्यातही धोका आहे. त्यावरच अनुदान वा श्रेणी अवलंबून ठेवली तर महाविद्यालये ‘टिकतील’ असेच विद्यार्थी निवडू लागतील आणि जत किंवा दहिवडीच्या महाविद्यालयाची तुलना सांगली शहरातील महाविद्यालयाशी होऊन पहिल्यावर अकारण ठपका येईल. म्हणून हा आकडा क्रमवारीसाठी न वापरता महाविद्यालयाने स्वतःच्याच मागील वर्षांशी ताडून पाहावा, हे अधिक श्रेयस्कर.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मुळे या चर्चेला निकड आली आहे. राज्यातील संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. एक वर्ष पूर्ण करून बाहेर पडणाऱ्यास प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका आणि पुन्हा प्रवेशाची मुभा अशी त्यात तरतूद आहे; त्यासाठी काही अतिरिक्त श्रेयांक पूर्ण करण्याची अट आहे. कालपर्यंत जी गळती होती, ती उद्या ‘निर्गमन’ या नावाने यशाच्या रकान्यात जाऊ शकते. दुसऱ्या सत्रानंतर लग्न होऊन गेलेल्या मुलीला ही अट कोणी समजावून सांगितली का, तिने प्रमाणपत्र नेले का आणि परत यावे म्हणून तिला कोणी निरोप धाडला का, हे विचारणारा रकाना मात्र आजच्या तक्त्यांत नाही.