रस्त्याचीं चित्रें आणि वाटेच्या खुणा

केव्हिन लिंच या अमेरिकन नगररचनाकाराचा 'द इमेज ऑफ द सिटी' हा लहानसा ग्रंथ १९६० सालीं प्रसिद्ध झाला. इतक्या जुन्या ग्रंथाचा येथें परामर्श घेण्याचें कारण काय, असें वाचक विचारतील. कारण असें कीं, त्या ग्रंथांत ज्या गोष्टीचा शोध घेतला आहे ती आतां आपल्या घरांत, नव्हे खिशांत, येऊन बसली आहे. मोटारीच्या टपावर कॅमेरे बसवून रस्त्यांचीं सर्व बाजूंनीं छायाचित्रें घ्यावयाचीं व तीं नकाशास जोडावयाचीं, हा गूगल कंपनीचा 'स्ट्रीट व्ह्यू' नांवाचा उपक्रम अमेरिकेंत २००७ सालीं पांच शहरांपासून सुरू झाला. आपल्या सरकारनें २०१६ सालीं त्यास परवानगी नाकारली. पुढें २०२२ च्या जुलैंत, दोन देशी कंपन्यांच्या द्वारें, तो येथील दहा शहरांत आला, आणि त्यांत मुंबई, पुणें, नाशिक व तेव्हांचें अहमदनगर हीं आपलीं चार होतीं. अनोळखी ठिकाणीं जावयाचें तर आधीं घरीं बसून रस्ता पाहून घ्यावा, वळणावरची एखादी खूण हेरून ठेवावी, असा प्रघात आतां सुशिक्षित कुटुंबांत पडूं लागला आहे. परंतु खूण हेरणें म्हणजे नेमकें काय करणें, हें सांगणारा लिंचइतका चांगला वाटाड्या आम्हांस दुसरा आढळला नाहीं.

लिंचची पद्धत साधी होती. बॉस्टनमधील सुमारें तीस, आणि जर्सी सिटी व लॉस एंजेलिस येथील प्रत्येकीं पंधरा माणसांस त्यानें आपल्या शहराचा नकाशा आठवणीनें काढावयास सांगितला व घरापासून कचेरीपर्यंतची वाट तोंडीं वर्णन करावयास लाविली. बॉस्टनच्या लोकांपुढें त्यानें रस्त्यांच्या छायाचित्रांचा गठ्ठाहि ठेविला. यांतलें कोणतें स्थळ ओळखतां, आणि कशावरून ओळखतां? हा दुसरा प्रश्नच सर्व ग्रंथाचें मर्म आहे. उत्तरांवरून त्यानें शहराच्या मानसचित्राचे पांच घटक ठरविले: वाटा, कडा, विभाग, नाके आणि खुणा. खूण भव्य असावी लागते असें नाहीं. भोंवतालच्या वस्तूंहून ती वेगळी उठून दिसली पाहिजे. जर्सी सिटीच्या कित्येक रहिवाशांस आपल्या शहरांतील असें कांहीं आठवेना. त्यांना आठवलें तें नदीपलीकडच्या न्यूयॉर्कच्या उत्तुंग इमारतींचें दृश्य! शहराशीं परिचय जसजसा वाढतो तसतसा मनुष्य खुणांवर अधिक विसंबतो, असेंहि लिंचनें नोंदविलें आहे. त्याचा नमुना लहान होता व तोहि बहुतेक मध्यमवर्गाचा. पण हा दोष त्यानें स्वतःच कबूल केला असल्यामुळें आम्ही त्यावर अधिक बोलत नाहीं.

आतां चित्राकडे वळूं. रस्त्याच्या चित्रांत सर्व कांहीं असतें: विजेच्या तारा, पत्र्याचे आडोसे, उभ्या रिक्षा, दुकानांच्या पाट्या. आणि तें सर्व सारख्याच निष्ठेनें असतें. ज्या कादंबरीकारास खोलींतील प्रत्येक खुर्ची सांगितल्याशिवाय चैन पडत नाहीं, त्याच्या वर्णनांत नायिका कोठें बसली आहे एवढेंच नेमकें कळत नाहीं. चित्र दाखवितें, निवडीत नाहीं. आणि खूण ही तर निवडच आहे.

याचा एक किरकोळ अनुभव सांगतों. गेल्या पावसाळ्यांत आम्हांस नाशकास एका स्नेह्यांच्या नव्या घरीं जावयाचें होतें. आम्हीं चित्र पाहून निळ्या दाराचें औषधांचें दुकान मनांत पक्कें केलें. तेथें गेलों तों निळें दारहि नाहीं आणि औषधेंहि नाहींत. (चित्राच्या कोपऱ्यांत महिना व साल छापलेलें असतें; तें आम्हीं वाचलें नव्हतें, हा दोष आमचाच.) शेवटीं भाजी विकणाऱ्या एका बाईंस विचारलें. त्या म्हणाल्या, "दादा, पुढं पिठाची गिरणी लागंल, तिथून वळा. आवाज येतोच." खरोखरच आवाज आला. परत आल्यावर आम्हीं तें चित्र पुन्हां उघडलें. गिरणी त्यांत होती. अर्धें उघडें शटर, दारांत दोन डबे. पहिल्या खेपेस ती आमच्या डोळ्यांखालून गेली होती आणि आम्ही निळ्या दाराकडेच पाहत राहिलों होतों.

ध्वनीचें एक राहूं द्या. ज्या खुणा दिसतच नाहींत त्यांचें काय? मुंबईच्या काळ्या घोड्याची गोष्ट प्रसिद्ध आहे. सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा १९६५ सालीं तेथून हलविला गेला व तो भायखळ्याच्या राणीच्या बागेंत जाऊन राहिला. बिनस्वाराचा नवा घोडा त्या परिसरांत आला तो २०१७ सालीं. मध्यंतरींचीं बावन्न वर्षें लोक नसलेल्या घोड्यापाशीं एकमेकांस भेटत होते आणि चुकत नव्हते! पुण्याचा लकडी पूल लाकडाचा राहिलेला नाहीं यास कित्येक पिढ्या लोटल्या. तरी त्याचें तें नांव सुटलें नाहीं. या काळांत कॅमेऱ्याची गाडी तेथून शंभर वेळां फिरती तरी घोडा किंवा लाकूड तिच्या हातीं लागतें ना.

येथेंच आमचा लिंचशीं मतभेद आहे. शहराच्या प्रतिमेचीं ओळख, रचना आणि अर्थ अशीं तीन अंगें तो मानतो, आणि अर्थाचें अंग व्यक्तिगणिक बदलणारें म्हणून बुद्ध्याच बाजूस ठेवतो. एखाद्या वस्तूस इतिहास किंवा अर्थ चिकटला कीं खूण म्हणून तिची किंमत वाढते, हें तो एके ठिकाणीं मान्य करतो. पण तेथें थांबत नाहीं. महानुभावांची 'स्थानपोथी' ज्यांनीं चाळली असेल त्यांस ही उणीव विशेष जाणवेल. श्रीचक्रधर कोठें राहिले, कोठें बसले, तें स्थान कोणत्या देवळाच्या कोणत्या दिशेस, हें त्या जुन्या मराठी पोथींत गांवोगांव नोंदविलें आहे. वाट सांगणें आणि आठवण सांगणें या तेथें दोन गोष्टी नाहींत. त्या स्थानांवर भाविकांनीं ओटे बांधले. छायाचित्रांत दिसेल तो दगडांचा एक ओटा.

चित्रांचा उपयोग आम्ही नाकारीत नाहीं. रात्रीच्या गाडीनें परक्या शहरांत उतरणाऱ्या एकट्या मुलीस शेवटचें वळण आधीं पाहिलेलें असणें हा केवढा आधार आहे, हें मुलींच्या बापांस सांगावयास नको. नकाशाच्या कर्त्यांसहि खुणांचें महत्त्व उमगलें आहे. हिंदुस्थानांतील मार्ग सांगतांना गूगलनें २००९ पासूनच खुणांचा आश्रय घेतला. २०१९ पासून पायीं चालणाऱ्याच्या फोनचा कॅमेरा समोरचें दृश्य सांठविलेल्या चित्रांशीं ताडून पाहतो व मनुष्य कोठें उभा आहे तें ठरवितो. पण यंत्र जें ओळखतें तें कोणतें? खिडकीची कड, भिंतीचा कोपरा, असले तपशील; कोणीहि शेजारी ते वाट सांगतांना उच्चारणार नाहीं. आणि यंत्र जेव्हां आपल्याशीं बोलतें तेव्हां, निदान आमच्या अनुभवांत, पेट्रोलपंप, बँक व मोठ्या पाटीचीं दुकानें हींच सांगतें. एकाच बँकेच्या शाखा तीन नाक्यांवर असल्या म्हणजे लिंचनें सांगितलेलें वेगळेपण उरतें कोठें? जीं मुलें याच आवाजाच्या मागून शहर शिकत आहेत, त्यांच्या तोंडीं पासोड्या विठोबा आणि पत्र्या मारुती कशानें येणार?

जातां जातां नाशिकच्या त्या स्नेह्यांविषयीं. पुढच्या खेपेसाठीं म्हणून आम्हीं त्यांच्याकडून पत्ता सविस्तर लिहून घेतला. कागदावर सोसायटीचें नांव, प्लॉटचा आंकडा, पिनकोड, सर्व कांहीं होतें. गिरणी नव्हती. त्यांस तेथें राहावयास येऊन सहाच महिने झाले होते, आणि ते मोटारीच्या कांचा लावून जात-येत असत.