मेदपेशींचा विकास आणि ‘संदेश’ या रूपकाची मर्यादा

पेशीविज्ञानाच्या लेखनात ‘संदेश’, ‘दूत’, ‘ग्राही’ ही पदे आता इतकी रुळली आहेत की, ती भाषाव्यवहारावरून घेतलेली रूपके आहेत याचे भानही राहत नाही. शास्त्रात रूपक असणे हा दोष नव्हे. परंतु ते पुराव्याची जागा घेऊ लागले म्हणजे त्याची तपासणी करणे प्राप्त होते. मेदपेशींच्या विकासासंबंधीचे संशोधन या तपासणीस विशेष अनुकूल आहे.

प्रथम संज्ञांचा विचार करू. स्टार्लिंग यांनी १९०५ मध्ये ‘हॉर्मोन’ हा शब्द प्रचारात आणला, तो ‘चेतविणे’ या अर्थाच्या ग्रीक धातूवरून. मराठीतील ‘संप्रेरक’ हा शब्दही त्याच अर्थाचा आहे. संप्रेरक रक्तावाटे दूरच्या अवयवापर्यंत जाते; प्रोस्टाग्लँडिने मात्र बहुधा जेथे निर्माण होतात त्याच परिसरात कार्य करून लवकरच निष्प्रभ होतात. म्हणून त्यांस ‘संप्रेरकसदृश’ म्हणतात. फॉन ऑयलर यांनी १९३५ च्या सुमारास त्यांचे नाव पुरःस्थ ग्रंथीवरून ठेवले. वीर्यातील ही द्रव्ये मुख्यतः वीर्यकोशांतून येतात आणि शरीरातील बहुतेक ऊतींत ती निर्माण होतात, हे पुढे समजले. नाव चुकीचे, तरी ते टिकले. आणि त्याने कोणाची दिशाभूल झाली नाही.

दिशाभूल होते ती क्रियापदांमुळे. मेदपेशी घडण्याच्या क्रियेत पीपीएआर-गॅमा या केंद्रकातील ग्राहीचे स्थान मध्यवर्ती आहे. तंतुपेशींत हे प्रथिन निर्माण करवून त्यास चेतविणारे द्रव्य दिले, तर त्यांच्या मेदपेशी बनतात, हे टोंटोनोझ व श्पीगेलमन प्रभृतींनी १९९४ मध्ये दाखविले. पुढील वर्षी दोन संशोधकगटांनी प्रोस्टाग्लँडिन जे२ चे एक रूप या ग्राहीस बांधले जाऊ शकते, असे सिद्ध केले. त्यानंतरच्या लेखनात ‘बांधले जाऊ शकते’ याचे ‘बांधले जाते’ असे रूपांतर होऊन हा ग्राहीचा ‘नैसर्गिक संदेश’ होय, अशी समजूत पसरली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत या द्रव्याचे प्रमाण अत्यल्प आढळले. मेदपेशी घडत असताना ते वाढतही नव्हते. शक्यार्थाचा निश्चयार्थ झाला, तो प्रयोगाने नव्हे, वाक्यरचनेने. ‘संदेश’ म्हटले की कोणीतरी तो पाठविलाच आहे, हे गृहीत धरले जाते.

दुसरा दोष अधिक खोल आहे. संदेशाचा अर्थ संदेशातच भरलेला असतो, अशी या रूपकाची सूचना आहे. वस्तुस्थिती निराळी दिसते. प्रोस्टाग्लँडिन एफ२-आल्फा पेशीपृष्ठावरील ग्राहीच्या द्वारे मेदपेशीचे घडणे रोखते. त्याच कुलातील प्रोस्टासायक्लिन त्यास साहाय्य करते. चक्रीय एएमपी या ‘द्वितीय दूता’चे उदाहरण तर याहून बोलके आहे. ३टी३-एल१ या उंदराच्या पेशींना मेदपेशी बनविताना जे मिश्रण देतात, त्यातील एक घटक याच रेणूचे प्रमाण वाढवितो आणि विकासास गती देतो. परिपक्व मेदपेशीत मात्र तोच रेणू वाढला की साठविलेल्या मेदाचे विघटन होते. रेणू एक, कार्ये परस्परविरुद्ध.

भारतीय शब्दमीमांसेस ही गोष्ट अपरिचित नाही. ‘सैंधव आण’ या वाक्यातील ‘सैंधव’ म्हणजे भोजनसमयी मीठ आणि प्रयाणसमयी घोडा. अर्थनिश्चय शब्दाने एकट्याने होत नाही. प्रकरण त्यास साहाय्य करते. पेशीची अवस्था हेच येथील प्रकरण होय. तथापि हे साम्यही मर्यादेतच घ्यावयास हवे: भाषेत वक्त्याची विवक्षा असते, रेणूस ती नसते.

हा केवळ शब्दांचा वाद नव्हे. पीपीएआर-गॅमाला चेतविणारी थायाझोलिडिनडायोन वर्गाची औषधे मधुमेहात इन्शुलिनचे कार्य सुधारतात आणि त्याच वेळी रुग्णाचे वजनही वाढवितात. ‘मेद वाढविणारा संदेश तो अहितकारक’ अशा सरळ वाचनाने हा अनुभव उलगडत नाही. म्हणून मराठीत या विषयावर लिहिणाऱ्याने ‘अमुक रेणू मेदपेशीस आज्ञा देतो’ असे लिहून थांबू नये. कोणत्या ग्राहीद्वारे, कोणत्या अवस्थेत आणि किती प्रमाणात, हे तीन तपशील वाक्यात आले, तरच ते विधान शास्त्रीय ठरेल. वाक्य लांबेल, परंतु ते खरे असेल.