भित्तिपत्रक आणि कथासार

चित्रपटाची समीक्षा पडद्यावर पहिले दृश्य उमटल्यावर सुरू होते. प्रेक्षकाचा चित्रपट मात्र त्याच्या कितीतरी आधी सुरू झालेला असतो. भिंतीवरचे भित्तिपत्रक, रस्त्यात हाती पडलेले हस्तपत्रक, नटनटींची छायाचित्रे असलेली कार्डे आणि चित्रपटगृहाच्या दाराशी मिळणारी गाण्यांची पुस्तिका यांतून त्याच्या मनाची मशागत होत असते. हे सारे बाजारू म्हणून दृष्टिआड करण्याचा प्रघात आहे. परंतु भारतात तयार झालेल्या सुमारे तेराशे मूकपटांपैकी अगदी मोजकेच आज शिल्लक आहेत, आणि १९३१ च्या ‘आलम आरा’ या पहिल्या भारतीय बोलपटाचीही प्रत उपलब्ध नाही. कृती नाहीशी होऊन तिची जाहिरात तेवढी उरावी, अशी ही स्थिती. ज्या अभ्यासकाला त्या काळाच्या अभिरुचीचा शोध घ्यावयाचा आहे, त्याला या कागदांकडे वळल्यावाचून गत्यंतर नाही.

दादासाहेब फाळके यांच्या चरित्रातील एक हकीकत सर्वपरिचित आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ मध्ये मुंबईत प्रदर्शित झाला. पुढे सुरतेस मात्र प्रेक्षक फिरकेनात. दोन आण्यांत सहा तास नाटक पाहणाऱ्या त्या गावाला दीड तासाचा खेळ तीन आण्यांना महाग वाटला. तेव्हा फाळक्यांनी जाहिरात केली ती अशी : सत्तावन्न हजार छायाचित्रांचा खेळ, दोन मैल लांबीचे चित्र, आणि हे सर्व अवघ्या तीन आण्यांत. या मजकुरात हरिश्चंद्राचे सत्त्व नाही, तारामतीचा शोक नाही, स्मशानही नाही. पुराणकथा ज्याला तोंडपाठ आहे अशा श्रोत्याला कथा सांगून मोहविता येत नाही, हे जाणणाऱ्या माणसाचे हे गद्य आहे. त्यातील दोन आकड्यांचा हिशेब मात्र परस्परांशी जुळत नाही. फिल्मच्या एका फुटात सोळा चित्रे मावतात. त्या मापाने सत्तावन्न हजार चित्रांची लांबी साडेतीन हजार फुटांहून किंचित अधिक भरते, आणि चित्रपटाची सांगितली जाणारी ३,७०० फूट लांबी याच्या जवळपासच आहे. दोन मैल म्हणजे साडेदहा हजार फूट! पहिला आकडा हिशेबनिसाचा आहे, दुसरा कवीचा. अतिशयोक्तीला अलंकार मानणाऱ्या साहित्यशास्त्राने तिचा हा संसारी अवतारही तपासावयास हरकत नाही.

फाळक्यांच्या मजकुरात चित्राची जी उणीव आहे, ती कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी भरून काढली. नाटकांचे पडदे रंगविणारा हा कलावंत चित्रपटाकडे वळला तेव्हा जाहिरातही त्याच्या कुंचल्याच्या कक्षेत आली. त्यांच्या ‘कल्याण खजिना’ या १९२४ च्या चित्रपटाचे भित्तिपत्रक आज उपलब्ध असलेल्या भारतीय सचित्र भित्तिपत्रकांत सर्वांत जुन्यांपैकी एक गणले जाते. चित्रपट गेला, पत्रक राहिले. रंगहीन, मूक पडद्याची वार्ता भिंतीवर रंगांतून यावी, यातील विसंगती त्या प्रेक्षकाला खटकली नसावी. नाटकाच्या पडद्याने त्याचा डोळा आधीच तयार केलेला होता.

तथापि वाङ्मयाच्या दृष्टीने खरे धन आहे ते पुस्तिकेत. गाण्यांच्या आधी तीत कथासार असे, आणि ते ऐन पेचप्रसंगाशी आणून तोडलेले असे. पुढील भाग रुपेरी पडद्यावर पाहावा, अशी विनंती खाली छापलेली. मुद्दाम अपुरे ठेवावयाचे कथन हा एक स्वतंत्र लेखनप्रकारच म्हणावा लागेल. त्याचे लेखक बहुधा अनामिक राहिले. शिवाय हिंदी चित्रपटाच्या पुस्तिकेत पुष्कळदा तेच सार हिंदी, उर्दू आणि इंग्रजी अशा तीन भाषांत शेजारी शेजारी येई. भित्तिपत्रकावरही चित्रपटाचे नाव नागरी, उर्दू आणि रोमन अशा तिन्ही लिप्यांत झळके. एकाच अंधाऱ्या सभागृहात बसणाऱ्या निरनिराळ्या वाचकांची ही दखल होती. भाषांतर हा शब्दही न उच्चारता या देशात इतक्या विपुल प्रमाणावर भाषांतर क्वचितच झाले असेल. पुढे उर्दू अक्षरे भित्तिपत्रकांवरून विरळ होत गेली. त्याची नोंद भाषेच्या इतिहासकारांनी घ्यावी. चित्रकलेच्या इतिहासात ती सामावणारी नाही.

अक्षर हेच चित्र कसे होऊ शकते, हे पाहावयाचे तर सत्यजित राय यांच्याकडे जावे लागते. जाहिरातसंस्थेत आणि सिग्नेट प्रेसच्या ग्रंथसजावटीत त्यांचा हात घडला होता. १९६० च्या ‘देवी’ या चित्रपटाच्या त्यांच्या भित्तिपत्रकावर नायिकेचा चेहरा अर्धा उजेडात, अर्धा काळोखात आहे. सुनेला देवी ठरविणाऱ्या घराची सारी शोकांतिका त्या एका विभागणीत आलेली आहे. येथे जाहिरात कथेचा सारांश देत नाही, तिचा अर्थ लावते. मुंबईच्या रंगीत फलकांविषयी हळवेपणाने बोलणाऱ्या आजच्या संग्राहकांनी हा भेद ध्यानी घ्यावयास हवा. संगणकावर छापलेल्या फलकांनी हाताने रंगविलेले फलक हटविले याची हळहळ योग्यच आहे. पण हाताने रंगविलेले सारेच अर्थपूर्ण होते, असे नव्हे. त्यांतील पुष्कळांत केवळ नटाचा चेहरा मोठा केलेला आढळतो.

पुण्यात १९६४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने फिल्मबरोबर अशी पत्रके आणि पुस्तिकाही जतन केल्या आहेत. त्यांतील चित्रे प्रदर्शनांत मांडली जातात. कथासारे मात्र अजून संपादकाची वाट पाहत आहेत. एखाद्या पुस्तिकेतील तिन्ही पाठ समोरासमोर छापून, कोणत्या भाषेतील कथन कोठे थांबविले आहे आणि कोणत्या वाचकाला काय सांगणे टाळले आहे, एवढे जरी कोणी पाहिले, तरी या कामाला आरंभ होईल.