चौकटीबाहेरची ओळ

जबलपूरजवळील भेडाघाट म्हटले की नर्मदा आणि संगमरवरी कडे डोळ्यांपुढे येतात. छायाचित्रकाराची खरी परीक्षा मात्र तेथल्या टेकडीवरील चौसष्ट योगिनींच्या कलचुरिकालीन मंदिरात होते. त्याचा प्राकार वर्तुळाकार असून आत ८१ कोष्ठे आहेत. अंगणात उभे राहून धरलेली २४ × ३६ मिलिमीटरची आडवी चौकट त्या वर्तुळाचा एक कंस तेवढा उचलते, आणि चित्रात सरळ रांगेतल्या ओवऱ्या दिसू लागतात. ही मर्यादा प्रमाणाची. तिचा दोष कोणास देता येणार नाही.

दोष सुरू होतो तो मूर्तीपाशी. पुष्कळ योगिनी भग्न आहेत. पानावर चौरस जागा मोकळी असली, की उभ्या चित्रातील तुटलेला बाहू नकोसा होतो. कात्री वर सरकते आणि सुबक मुख तेवढे उरते. त्याबरोबर पीठही जाते. येथील कित्येक पीठांवर त्या त्या योगिनीचे नाव कोरलेले आहे! वाचकापर्यंत पोचते ती कोणी निनावी सुंदरी.

कार्तिए-ब्रेसाँ हा कातरणीचा कट्टर विरोधक. तरी सां-लाझार स्थानकामागे त्याने टिपलेले १९३२ चे विख्यात चित्र कातरलेलेच आहे. कुंपणाच्या फटीतून टिपताना डावीकडे आडवी आलेली फळी त्यातून गेली. उडी मारणारा माणूस, पाणी, त्यातले प्रतिबिंब, सारे राहिले. भेडाघाटच्या चित्रांत फळीच्या जागी नाव असते.