डोळ्यांदेखत

डोळ्यांच्या डॉक्टरचं इंग्रजी नाव वाचायला आधी डोळे शाबूत हवेत, मग जीभ. ऑफ्थॅल्मॉलॉजिस्ट! रोमन अक्षरं 15. बहुतेकजण ‘ऑप’ म्हणून मोकळे होतात. इंग्रजी कोशांनीही हात टेकून दोन्ही उच्चार दिलेत.

मूळ ग्रीक ‘ओफ्थल्मोस’, म्हणजे डोळा. प्राचीन ग्रीकांचे हे फ आणि थ आपल्या मुळाक्षरांतल्यासारखेच महाप्राण. साहेबाला जड जातं ते आपण लहानपणीच पाटीवर गिरवलंय!

ओळीच्या शेवटी शब्द तोडायचा तर इंग्रज ‘ऑफ-थॅल-मॉल-ऑ-जिस्ट’ असे पाच तुकडे पाडतो. त्यातला ‘मॉल’ धड डोळ्याचा नाही, धड शास्त्राचा नाही. पण हसू नका. आपण ‘म-हर्-षी’ म्हणतो, त्यात ‘महा’ आणि ‘ऋषी’ कुठे दिसतात? तोंड श्वासाच्या सोयीनं तोडतं, अर्थ मुळाशी तुटतो. शब्द कळायला दुसरी सुरी हवी.

‘ऑप’वाल्या रोग्याबद्दल माझी तक्रार नाही, त्याला डोळा दाखवायचाय, व्याकरण नव्हे. तक्रार पाटीबद्दल आहे. सोपं मराठी म्हणून तिच्यावर रंगवतात ‘नेत्रतज्ञ’. अहो, तत् अधिक ज्ञ, तज्ज्ञ! तिथे ह गिळला, इथे ज. आणि दोन्ही चोऱ्या डोळ्यांच्या डॉक्टरच्या दारात, अगदी डोळ्यांदेखत!